पवईच्या तलावात गळ: पिण्यासाठी बांधलेलं पाणी माशांचं कसं झालं?

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

ट्रेनमध्ये असाल, मेट्रोत असाल, नाहीतर जेव्हीएलआरवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तुमचं स्वागत. जेव्हीएलआरवर असाल तर फारच छान, कारण आजची गोष्ट तुमच्या खिडकीबाहेरच आहे. पवई तलाव.

विषय कसा सुचला ते सांगतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर हल्ली बास फिशिंगचे रील्स येतात. अमेरिकेतला एखादा जलाशय, चकचकीत बोट, हिरवट रंगाचा मोठ्या जबड्याचा मासा पाण्याबाहेर उडी मारतो, माणूस ओरडतो, माशासोबत फोटो काढतो आणि मासा परत पाण्यात सोडतो. मग कुणीतरी कमेंटमध्ये विचारतं, "मुंबईत असं कुठे करता येतं?" आणि उत्तर येतं, "पवई."

उत्तर बरोबर आहे. पण त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची गोष्ट आहे. मुंबईकरांची तहान भागवायला बांधलेला तलाव त्या कामात नापास झाला आणि मग गळ टाकणाऱ्यांच्या हाती आला. गळ टाकणाऱ्यांमुळे तलावाचं काय झालं, हे मला आज तुमच्यासमोर मांडायचंय.

आधी बासचं बघू

पवईत बास नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. विसाव्या शतकात तिथे धरणं बांधली गेली, जलाशय तयार झाले आणि त्यांत हा मासा चांगला रुळला. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या माणसाने आर्कान्सामधल्या बीव्हर लेक या जलाशयावर मोठी स्पर्धा भरवली आणि बास फिशिंगचा धंदाच उभा राहिला. पकडा आणि सोडा, ही पद्धत स्पर्धांमध्ये रुजवण्यातही त्याचा मोठा वाटा होता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसाने पाणी अडवलं ते वीज आणि पाण्यासाठी, पण त्या पाण्यावर प्रेम केलं ते मासे धरणाऱ्यांनी. पवईतही काहीसं असंच घडलं.

तहानलेलं शहर

एकोणिसाव्या शतकातली मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आज फक्त बसथांब्यांवर उरलीत, पण तेव्हा तिथे खरोखर पाणी होतं. १८४५च्या सुमारास पाण्याची इतकी टंचाई झाली की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला आणि १८६०मध्ये तो पूर्ण झाला. पण शहर थांबायला तयार नव्हतं. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. म्हणून १८७९मध्ये तुळशी तलाव आला.

तेही पुरेना. तानसाचं मोठं काम सुरू झालं होतं, पण ते पूर्ण व्हायला वेळ होता. तोवर काय करायचं? तर मिठी नदीच्या एका ओढ्यावर, पवईच्या दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालायचा. १८९०च्या सुमारास पवई तलाव तयार झाला आणि १८९२मध्ये तानसाचं पाणी आलं. म्हणजे पवई हा घाईगडबडीत केलेला तात्पुरता उपाय होता. आपण मुख्य चार्जर येईपर्यंत पॉवर बँकवर भागवतो ना, तसाच.

'पवई' हे गावाचं नाव. इथली जमीन एकेकाळी फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे भाडेपट्ट्याने होती. तिथे त्यांनी बागायत केली. गंमत म्हणजे शहराला पाणी मिळावं म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा हा माणूस, आणि धोबी तलावाला पुढे त्यांचंच नाव मिळालं.

आता आकडे. पवई तलाव पूर्ण भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लीटर पाणी मावतं. त्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहत तलावात येतो तो प्रदेश, सुमारे ६.६१ चौरस किलोमीटर. तलाव छोटा, उथळ आणि माणसांच्या वस्तीला चिकटलेला. विहार आणि तुळशीच्या भोवती जंगल राहिलं. पवईच्या भोवती आधी खाणी, मग कारखाने, मग इमारती आल्या. पाण्याचा दर्जा घसरला आणि पवईचं पाणी पिण्यासाठी वापरणं बंद झालं. आजही महापालिका सांगते की हे पाणी पिण्यायोग्य नाही. ते औद्योगिक कामांसाठी आणि आरे दुग्ध वसाहतीसाठी वापरलं जातं.

दरवर्षी जुलैच्या आसपास "पवई तलाव ओसंडून वाहू लागला" अशी बातमी येते आणि आपण फोटो शेअर करतो. पण त्या पाण्यातला एक थेंबही आपल्या नळाला येत नाही. विहार आणि तुळशीचं पाणी मात्र आजही आपण पितो.

गळ काय इंग्रजांनी आणला?

पवईवर गळ टाकण्याचा विषय निघाला की लोक म्हणतात, "हा साहेबांचा खेळ." अर्धं खरं, अर्धं नाही.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, राजधानी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कसं राहावं, काय खावं, कशात मन रमवावं, असं सगळं त्यात आहे. त्यातल्या एका भागाचं नाव आहे 'मत्स्यविनोद', म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. कोणते मासे कुठे राहतात, त्यांना काय खायला आवडतं, दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, हे सगळं त्यात सांगितलंय. साहेब यायच्या कितीतरी शतकं आधी!

आणि राजाचं सोडा. कोकणात आजही "गरवायला जातो" म्हणतात. गरी म्हणजे गळ, गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून वर चढतात, त्यांना कुणी चढणीचे मासे म्हणतं, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे म्हणतात. गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतात, फेकायच्या जाळ्याला पाग. एखाद्या कामासाठी इतके शब्द असतील तर ते काम लोकांचं असतं, क्लबचं नाही.

मग इंग्रजांनी काय आणलं? नियम, पुस्तकं आणि क्लब. १८७३मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक आलं. भारतात गळ टाकणाऱ्या साहेबांसाठी ती जणू गाइडच होती आणि त्यात सगळ्यात मोठा मान होता महसीर माशाला.

महसीर आपल्याकडेही आहे. मुंबई सरकारचा एक अधिकारी, कर्नल साइक्स, दख्खनच्या नद्यांमधले मासे नोंदवत फिरला. १८३९मध्ये त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं 'खुद्री'. ते त्याने इथल्याच लोकांकडून उचललं होतं. आज जगभरातले शास्त्रज्ञ या माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात. म्हणजे मुळेच्या काठावरच्या कुणा मासेमाराचा शब्द जगाच्या वैज्ञानिक यादीत जाऊन बसला आणि त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९३६: क्लब येतो

पवईचं पाणी प्यायचं नाही, पण तलाव आहे, मासे आहेत. मग गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी इथे मासेमारीचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले आणि १९३६मध्ये 'बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन' स्थापन झाली. प्रेसिडेन्सी गेली, राज्य बदललं, नाव झालं 'महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन'. ही संस्था आजही पवईवर आहे.

आता पाण्यात काय होतं ते बघू. आज पवईत ज्यांच्यासाठी लोक तासनतास बसतात ते रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या पश्चिमेकडच्या नद्यांतले नाहीत. ते इथे आणून सोडलेत. सुरुवातीला हे अवघड होतं, कारण हे मासे तळ्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला की तिथे घालतात. त्यामुळे पिल्लं नदीतूनच गोळा करावी लागायची. हे कोडं १० जुलै १९५७ला सुटलं. कटकमध्ये हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं. भारतात १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो, तो म्हणूनच.

दुसरा पाहुणा तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२मध्ये आणला. आपल्याकडे धरणांवरचे मासेमार त्याला चिलापी म्हणतात. हा कुठेही जगतो, कसल्याही पाण्यात, आणि भराभर वाढतो. आपले घरचे म्हणावेत असे मरळीसारखे मासेही तलावात आहेत. मरळ ही शिकारी, बेडूकसुद्धा गिळते. ज्यांना बास फिशिंगचा थरार हवा असतो, त्यांच्यासाठी इथली बास म्हणजे मरळच.

लोणावळ्याचा दुवा

आता थोडं घाट चढून जाऊ, कारण पवईच्या माशांची एक गोष्ट लोणावळ्यात घडते.

महसीर कमी का झाला? त्याला गार, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो. धरणांनी त्याच्या वाटा अडल्या, सुरुंगांनी आणि विषाने डोह रिकामे झाले. जिथे देवाचा धाक होता तिथे तो टिकला. महाडजवळ वाळण कोंडीला जा, देवीच्या डोहात महसीर आहेत, लोक त्यांना खायला घालतात, धरत नाहीत.

टाटांनी १९१०च्या दशकात खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधली. त्याच वळवणच्या पाण्यात १९७०च्या सुमारास महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्री महसीरच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा अभ्यास केला होता, त्याचा पाया होता. मादीच्या पोटावर अलगद हात फिरवून सोनेरी पिवळी अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्यात ट्रेमध्ये ठेवायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ही पिल्लं देशभरातल्या नद्यांत आणि जलाशयांत गेली. गळवाल्या संस्थेने पवईतही महसीर वाढवण्याचा प्रयत्न केला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत आधी 'संकटग्रस्त' असलेला खुद्री आता त्या वर्गातून बाहेर आलाय. एक मासा वाचला, आणि तो वाचवण्यात मासेप्रेमी, सरकारी शास्त्रज्ञ आणि एक वीज कंपनी असे तिघे होते.

पण थांबा, टाळ्या वाजवायच्या आधी दुसरी बाजू ऐका. लोणावळ्याची ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीवर कुबड असलेला, अवाढव्य. १९४६मध्ये कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर आजही विक्रम म्हणून सांगतात. बाहेरून आलेल्या खुद्रीने तिथे पसरून मूळच्या त्या महसीरची जागा घेतली आणि आज तो कुबडा महसीर नामशेष व्हायच्या टोकाला आहे. जपानमध्ये बासचं असंच झालं. १९२५मध्ये आशी तलावात हौसेने सोडला, पुढे तो देशभर पसरला, आणि २००५मध्ये त्याला उपद्रवी परदेशी प्रजाती ठरवून त्यावर कायद्याने बंधनं आणावी लागली.

म्हणजे हौसेने मासा सोडणं हे झाड लावण्यासारखं सरळ पुण्याचं काम नाही. कोणता मासा, कुठल्या पाण्यात, हे बघावं लागतं. घरच्या टँकमधला मासा कंटाळा आला म्हणून पवईत सोडणाऱ्यांनी हे जरा दोनदा ऐका.

पाण्याचा ताप आधी कुणाला कळतो?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

१९५८मध्ये आयआयटी मुंबईची स्थापना झाली आणि तलावाच्या काठावर कॅम्पस उभा राहिला. पुढे हिरानंदानीचे टॉवर्स आले. डोंगर खोदले, माती वाहून तलावात आली, तलाव आणखी उथळ झाला. सांडपाणी आलं. सांडपाण्यात खत असतं, त्यावर जलपर्णी माजते. दुरून बघितलं तर हिरवंगार लॉन वाटतं, लोक सेल्फी काढतात. पण त्या हिरव्या गालिच्याखाली उजेड जात नाही, हवा मिसळत नाही, पानं कुजतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. रात्री तो सगळ्यात कमी होतो. मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडून श्वास घ्यायला धडपडतात. पहिल्या जोराच्या पावसात नाल्यांतली घाण एकदम तलावात आली, तर मेलेल्या माशांचा थर काठाला लागतो.

हे पहाटे कोण बघतं? मॉर्निंग वॉकवाला रस्त्यावरून जातो, त्याला पाणी दिसतं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'लेक व्ह्यू' असतो, त्यालाही पाणी दिसतं. पण पाण्यात काय चाललंय हे गळ टाकून चार तास बसलेल्याला दिसतं. चिलापी वाढली, रोहू कमी झाला, पाण्याला वास येतोय, हे त्याला आधी कळतं. कारण त्याला पाण्याकडून काहीतरी हवंय. बाकीच्यांना फक्त पाण्याचं दृश्य हवंय.

माझं मत असं आहे की मुंबईतली कितीतरी तळी बुजली, कारण नळ आल्यावर त्यांची कुणालाच गरज उरली नाही. पवईचीही गरज नळवाल्यांना उरली नव्हती. पण मासेवाल्यांना होती. ही एकच गोष्ट पवई वाचण्यामागे आहे असं मी म्हणत नाही. मगरी, पक्षी, मिठी नदी, कोर्ट, सगळ्यांचा वाटा आहे. पण पाण्यात रोज डोकावणारं कुणीतरी असणं, हा वाटा छोटा नाही.

कोर्टावरून आठवलं. २०२१मध्ये महापालिकेने तलावाच्या कडेने सायकल ट्रॅकचं काम सुरू केलं. ऐकायला किती छान! पण त्यासाठी तलावात भर टाकली जात होती. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी आणि पर्यावरणवाले हायकोर्टात गेले. ६ मे २०२२ला मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. तुमच्याच वयाची मुलं होती ती.

मग तलाव कुणाचा?

आणि इथेच मला टोचणारी गोष्ट येते. गळ टाकायचा तर क्लबचं सदस्यत्व किंवा परवानगी लागते. त्यामागे कारण आहे. कुणीही येऊन जाळं टाकलं तर मासे संपतील, आणि मगरींच्या पाण्यात रात्री कुणी उतरू नये हेही खरं. पण तलावाच्या आसपास आदिवासी पाडे आहेत, जुनी गावं आहेत. ओढ्यात वलगणीचे मासे धरणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तोच गळ सदस्याच्या हातात असला तर खेळ, आणि पाड्यावरच्या पोराच्या हातात असला तर चोरी. 'खुद्री' हे नाव सांगणारा मुळेकाठचा माणूस आठवतोय? नाव त्याचं, यादी दुसऱ्याची. इथेही तसंच.

यावर सोपं उत्तर नाही. सगळ्यांना मोकळं सोडलं तर दोन वर्षांत तलाव रिकामा होईल. फक्त फी भरणाऱ्यांना ठेवलं तर तलावाकडे बघणारे डोळे थोडेच राहतील. मला वाटतं, काठावरच्या गावांतल्या आणि पाड्यांतल्या लोकांना गळाचा परवाना, राखणीचं काम आणि पाण्याच्या नोंदींत वाटा मिळाला, तर बघणारे डोळे वाढतील. ज्याला पहाटे मासा हवाय, तोच पहाटे गटाराचं पाणी कुठून येतंय ते दाखवेल.

तुम्हाला गळ टाकायचा असेल तर आधी रीतसर परवानगी काढा, पाण्यात उतरू नका, मगरी खऱ्या आहेत. आणि गळ टाकायचा नसेल तरी एकदा सकाळी सहाला जाऊन नुसतं पाण्याकडे बघा, फोन खिशात ठेवून. तोंड उघडून वर येणारे मासे दिसले, पाण्यावर फेस दिसला, तर फोटो काढा आणि महापालिकेकडे तक्रार करा. एवढं केलंत तरी बघणाऱ्या डोळ्यांत दोन डोळे वाढले.

तुमच्या गावात, तुमच्या आजोळी गळाला काय म्हणतात? गरी, गळ, आणखी काही? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोवर, नमस्कार.